घटिका

पंचांगातला दिवस मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला उजाडतो. पुढच्या सूर्योदयापर्यंतच्या अहोरात्राचा साठावा भाग म्हणजे घटिका. ती 24 मिनिटांची, तिची पळे 60. दोन घटिकांचा एक मुहूर्त.

घड्याळे येण्यापूर्वी ही मोजदाद घटिकापात्र करी. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडत. ती भरून बुडाली की घटिका भरली. लग्नघरी मुहूर्ताची सारी भिस्त या वाटीवर असे. किती साधे, तरी किती नेटके साधन!

तिथी मात्र घटिकांच्या ठरावीक मापात बसत नाही. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की ती संपते, मग त्याला सुमारे 19 तास लागोत वा 26. म्हणूनच एखाद्या तिथीला दोन सूर्योदय मिळतात, एखादीला एकही नाही. तिला क्षयतिथी म्हणतात.