साखळी, किटण आणि तेल: सायकलच्या निगेचा इतिहास

सायकलला साखळी लागली ती सायकल जन्मल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये दाखवलेल्या दोनचाकी यंत्राला पायडलच नव्हते, स्वार जमिनीला पाय रेटीत ते पुढे नेत असे. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पायडल आले ते थेट पुढच्या चाकाच्या आसावर. आणि त्यानंतरच्या उंच चाकाच्या सायकलीतही पायांचा जोर त्याच चाकावर पडत असल्यामुळे वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंग्लंडात हॅरी लॉसन यांनी १८७९ मध्ये मागच्या चाकाला साखळीने गती देणाऱ्या सायकलचे पेटंट घेतले आणि १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही सेफ्टी सायकल, म्हणजे जवळपास सारख्या आकाराची दोन चाके असलेली आणि मागच्या चाकाने चालणारी सायकल, लोकांसमोर आली. उंच आसनावरून तोंडावर आपटण्याचे भय त्यामुळे सरले खरे, परंतु धातूचे शंभराहून अधिक उघडे सांधे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, दोन्ही चाकांनी उडवलेल्या धुळीच्या आणि चिखलाच्या ऐन वाटेत येऊन बसले. सायकलच्या मालकाच्या घरी साखळी पुसण्याचे आणि तिला तेल देण्याचे जे काम शिरले, त्याची सुरुवात येथे आहे.

हे काम नेमके कशासाठी करावे लागते, हे साखळीच्या रचनेवरूनच कळते. ती रचना मूळची सायकलसाठी झालेलीच नव्हती. जेम्स स्लेटर यांनी १८६४ मध्ये कापड गिरण्यांतील यंत्रांसाठी रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले होते. तिच्यातील खिळ्यांवरचा सगळा भार पट्ट्यांच्या बारीकशा जाडीवर येत असल्याने खिळे लवकर झिजत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि १८७३ मध्ये मँचेस्टरला आलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८७९ मध्ये सॅलफर्ड येथील स्लेटर यांचा धंदा विकत घेतला आणि १८८० मध्ये खिळा व रोलर यांच्यामध्ये एक पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवली. भार आता नळीच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि साखळीचे आयुष्य कितीतरी वाढले. सायकलच्या बहुतेक भागांची मापे पुढे बदलली, पण दोन लगतच्या खिळ्यांतील अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे, अंतर आजही तेच आहे.

या रचनेतून एक गोष्ट निघते, जी तेल देणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. झीज होते ती खिळा आणि बुश यांच्या दरम्यान, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत. तिथे तेलात कालवलेली धूळ पोचली की तिचे घासणारे मलम बनते, खिळा बारीक होत जातो, बुशचे भोक मोठे होत जाते आणि प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई येऊन सबंध साखळी लांब होते. साखळी ‘ताणली गेली’ असे म्हटले जाते ते याच अवस्थेला, वास्तविक पट्ट्या ताणल्या जात नाहीत. साधी फूटपट्टी लावली तरी हे मोजता येते: नव्या साखळीत एका खिळ्याच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या खिळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात, ते अंतर एक सोळांश इंचाने वाढले की साखळी बदलण्याची वेळ येते, आणि एक अष्टमांश इंचाने वाढले तर दातेरी चक्रेही बहुधा तिच्याबरोबर वाया गेलेली असतात. साखळीच्या बाहेरून दिसणारे तेल म्हणजे उपयोगाच्या जागी न पोचलेले तेल होय, आणि धूळ पकडण्यापलीकडे ते काहीच करीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, सायकलचे वेड युरोप-अमेरिकेत शिगेला पोचले असताना, या प्रश्नाचा जितका विचार झाला तितका नंतर क्वचितच झाला असेल. साखळीवरून शर्यती लागत: विल्यम सिम्पसन यांनी त्रिकोणी कड्यांच्या आपल्या ‘लिव्हर’ साखळीने जास्त वेग मिळतो असा दावा केला, १८९६ मध्ये लंडनजवळ कॅटफर्ड येथे त्यासाठी जाहीर सामने झाले आणि फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी या साखळीचे भित्तिपत्रक रंगवले, दावा टिकला नाही, भित्तिपत्रक मात्र कलेच्या इतिहासात राहिले. घरगुती निगेची रीतही याच काळात ठरून गेली. साखळी काढून रॉकेलमध्ये बुडवावी, ब्रशने घासावी, पूर्ण वाळवावी आणि मग वितळवलेल्या चरबीत ग्राफाइटची पूड मिसळून त्या गरम मिश्रणात भिजत ठेवावी, म्हणजे पातळ झालेली चरबी सांध्यांत शिरते आणि थंड झाल्यावर आतच थिजते, अशी ती रीत होती. हाताशी सोपे तेल हवे असणाऱ्यांसाठी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जॉर्ज कोल यांनी १८९४ मध्ये ‘थ्री-इन-वन’ हे तेल काढले. साफ करणे, वंगण देणे आणि गंज रोखणे ही तिन्ही कामे एकाच बाटलीने करावीत हा त्यामागचा विचार होता आणि तो सायकल डोळ्यांसमोर ठेवूनच केलेला होता.

याहून मूलगामी उपाय म्हणजे साखळीपर्यंत धूळ पोचूच न देणे. १८९० च्या दशकात इंग्लंडात पत्र्याची, चामड्याची आणि सेल्युलॉइडची पूर्ण बंद आच्छादने मिळू लागली होती, आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांच्या ‘सनबीम’ सायकलीवर तर साखळी सतत तेलात भिजत राहील अशी बंद पेटी असे. मार्स्टन यांचा मूळ धंदा लाखेच्या चकचकीत लेपाच्या पत्र्याच्या वस्तू बनवण्याचा होता, त्यामुळे अशी घट्ट आणि देखणी पेटी त्यांच्याच कारखान्यात उत्तम बनावी हे स्वाभाविक होते. काहींनी साखळीलाच रजा दिली आणि दांडा व तिरप्या दात्यांची चक्रे यांनी चालणाऱ्या सायकली काढल्या. अमेरिकेतील पोप यांच्या कंपनीची ‘कोलंबिया’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली. त्या महाग होत्या, जड होत्या आणि घरी दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या, म्हणून मागे पडल्या. बंद पेटीचे मागे पडणे मात्र सहज समजण्यासारखे नाही, कारण तिच्या आतली साखळी खरोखरच जास्त टिकत असे. पेटीचे वजन, तिची किंमत आणि विशेषतः पंक्चर काढण्यासाठी मागचे चाक उतरवताना होणारा खोळंबा ही तिच्याविरुद्धची कारणे ठरली. कारखान्याने जे काम एकदाच करून दिले असते ते यापुढे प्रत्येक मालकाने आयुष्यभर करायचे, असा या निवडीचा अर्थ होता, आणि सायकलची साखळी घरी साफ करण्याच्या सगळ्या परंपरेचे मूळ याच निवडीत शोधावे लागते.

हिंदुस्थानात सायकल आली ती मुख्यतः ब्रिटिश बनावटीची. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने उभे राहिले; मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, लुधियानात १९५६ मध्ये हिरो, आणि १९६० मध्ये मद्रासलाच साखळ्या बनवणारी टीआय डायमंड चेन. या सर्वांनी जी काळी, मजबूत, उभ्या बसणीची सायकल घडवली तिला पूर्ण पेटीऐवजी बहुधा वरची बाजू झाकणारे अर्धे चेनकव्हरच असे. ते साखळीचे रक्षण करण्यापेक्षा धोतराचा सोगा किंवा पायजम्याची कड साखळीत अडकू नये यासाठीच अधिक उपयोगी पडे, आणि तेही पुरत नसल्यामुळे घोट्यावर लावायची पोलादी क्लिप प्रचारात होती. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर ही नित्याची बाब असलेल्या मुलखात चाक चटकन निघावे हीच सोय मोलाची ठरली असणार.

पुणे शहर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे त्या काळात साखळीची निगा दोन ठिकाणी होत असे: सायकल मार्टात आणि घराच्या अंगणात. मार्टात, म्हणजे सायकली तासाच्या भाड्याने देणाऱ्या आणि दुरुस्तही करणाऱ्या दुकानात, ‘ओव्हरहॉलिंग’ला टाकलेल्या सायकलचा प्रत्येक भाग सुटा होऊन रॉकेलच्या घमेल्यात पडे. घरी हेच काम लहान प्रमाणावर चाले. साखळीतला एक जोड ‘लॉक’चा, म्हणजे स्प्रिंगच्या पातळ क्लिपने बांधलेला असतो, पक्कडीने ती क्लिप सरकवली की साखळी हातात येते, रॉकेलमध्ये बुडवून जुन्या दातब्रशने घासली की काळे किटण सुटते, आणि हाच क्रम रॉकेल स्वच्छ दिसेपर्यंत नव्याने करावा लागतो. त्यानंतर साखळी उन्हात टांगणे ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच काम बिघडते, कारण आत उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करून वाहून नेते. वाळलेली साखळी चढवून क्लिप परत बसवायची; त्यानंतर प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, मग पायडल उलटे फिरवून तेल आत मुरू देणे आणि शेवटी फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून काढणे, एवढे करायचे. क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे लागते, नाहीतर कशाला तरी घासून क्लिप उडते आणि भर रस्त्यात साखळी तुटून पडते.

तेल कोणते, याबाबत मात्र घरोघरी मनमानी चाले. बैलगाडीच्या आसाला वंगण देण्याची रीत महाराष्ट्राला फार जुनी. गाडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे हा तिचाच भाग. आसासाठी जे दाट एरंडेल चांगले, ते साखळीच्या बारीक फटीत शिरत नाही, हा फरक सायकलने शिकवला. शेंगदाण्यासारखी खाद्यतेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होत जातात आणि काही आठवड्यांत सांधे आखडतात. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणजे पुण्याच्या हिवाळ्यात पहाटे ते निरुपयोगी. शिलाई मशीनचे तेल आत उत्तम शिरते, पण पहिल्या पावसात धुऊन जाते. गॅरेजमधून फुकट मिळणारे जळके ऑइल सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक, कारण इंजिनात झिजलेल्या धातूचे कण त्यात आधीच मिसळलेले असतात. दसऱ्याला सायकल धुऊन, तेलपाणी करून तिला झेंडूची माळ घालण्याची प्रथा या दृष्टीने अतिशय योग्य वेळी येते: पावसाळ्याचा गंज आणि चिखल त्याच सुमारास काढायचा असतो.

गिअरच्या सायकलींनी साखळी पुन्हा पूर्ण उघडी केली, कारण एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर उडी घेणाऱ्या साखळीला झाकणे कठीण. १९३७ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीत अशा गिअरयंत्रणेला मुभा मिळाल्यावर तिचा प्रसार वाढला. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील सेडिस कंपनीच्या साखळीने रेनॉल्ड यांचा बुशच काढून टाकला आणि पट्टीच्याच कडा वळवून त्याचे काम भागवले, त्यामुळे तेलाला आत जायला वाट मोठी झाली. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी साखळीची कार्यक्षमता मोजली तेव्हा ती ८१ ते ९८.६ टक्क्यांच्या दरम्यान भरली आणि कोणते वंगण घातले याने त्यात लक्षणीय फरक पडला नाही. प्रयोगशाळेत धूळ नव्हती हे येथे विसरता कामा नये. वंगणाचे खरे काम जोर वाचवण्याचे नसून झीज आणि गंज टाळण्याचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. आजचे शर्यतपटू साखळी वितळलेल्या मेणात बुडवतात, ती चरबी-ग्राफाइटच्या जुन्या रीतीचीच सुधारलेली आवृत्ती आहे, कारण थिजलेल्या मेणाला धूळ चिकटत नाही.

बंद आच्छादन मात्र जगातून नाहीसे झाले नाही. नेदरलँड्समध्ये लोक रोजच्या कपड्यांत, पावसातही सायकलवरून कामाला जातात आणि तिथल्या नेहमीच्या सायकलीवर साखळी आजही पूर्ण झाकलेली असते. तारेच्या सांगाड्यावर ताणलेल्या रोगणी कापडाचे ते हलके आच्छादन मागच्या बाजूने उघडता येते, म्हणजे चाक काढण्याची जी अडचण सांगून इतरत्र पेटी हद्दपार झाली, तिचे उत्तर तिथे कापडानेच दिले.