देवासची पाच मुकी वर्षं

मध्य प्रदेशातलं देवास हे तसं छोटं संस्थान. पण त्याच्याही दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे. शेजारच्या धारलाही पवारच. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात शिरल्या, त्यांच्याबरोबर हे पवार गेले आणि तिकडचेच झाले. त्यामुळे धार-देवास-इंदूर या पट्ट्यात मराठी घरं, मराठी शाळा आणि मराठी रसिक पिढ्यानपिढ्या नांदत आले. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता, आणि त्यावर त्याने पुढे पुस्तकही लिहिलं. आपल्याला मात्र देवास आठवतं ते एका गवयामुळे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. घरची भाषा कानडी. कुणाचंही गाणं एकदा ऐकलं की जसंच्या तसं म्हणून दाखवायचा, म्हणून एका मठाच्या स्वामींनी लहानपणीच त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली. पुढे तीच त्याचं नाव झाली. वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण कान सगळ्या घराण्यांकडे उघडा ठेवणारे. त्यांनी मुलाला एका चौकटीत कोंडलं नाही.

इथे आम्हा गोवेकरांनी एक नाव विसरू नये. पेडणे तालुक्यातल्या मळप्याच्या अंजनीबाई मालपेकर. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांची तालीम त्यांना मिळाली होती. त्यांनी मैफिली सोडल्या होत्या, तेव्हा कुमारांना त्यांच्याकडून शिकायला मिळालं. देवासला जाणाऱ्या या गवयाच्या शिदोरीत गोव्याचाही वाटा होता, तो असा.

१९४७ साली कुमारांचं लग्न देवधरांकडेच शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. वय तेवीस, नाव हिंदुस्थानभर झालेलं, आणि डॉक्टर म्हणाले गाणं बंद. कोरडी हवा पाहिजे म्हणून १९४८च्या सुरुवातीला दोघं देवासला आली. इंदूरचे रामूभैय्या दाते, देवासचे कृष्णराव मुजुमदार अशा स्नेह्यांचा आधार होता. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, संसारही सांभाळला आणि आजारीही सांभाळला. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागलं आणि जीव वाचला. एक फुफ्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं होतं. १९५३च्या सुमारास कुमार पुन्हा गाऊ लागले.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आणि तिचा शेवट बहुतेक वेळा असा सांगतात, की श्वास पुरेना म्हणून त्यांनी छोट्या छोट्या स्वरवाक्यांची गायकी काढली. मला हे उत्तर तोकडं वाटतं. श्वास कमी पडला म्हणून ताना लहान झाल्या असतील, पण नवे राग कसे सापडले? निर्गुणी भजनं मैफिलीत कशी आली? त्याचं उत्तर फुफ्फुसात नाही, कानात आहे.

जरा विचार करा. लहानपणापासून ज्याच्या तोंडात सतत सूर, त्याला पाच वर्षं गप्प राहायचं आहे. मैफल नाही, रियाज नाही. त्याने करायचं काय? तर ऐकायचं. बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली, ऋतूंची, सणांची. एकतारीवर भजन म्हणत दारोदार फिरणारे नाथपंथी जोगी. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथली भजनं. वर टेकडीवर देवी. ज्या गावात रजबअली खाँसाहेबांसारखा दिग्गज गवई राहत होता, तिथे येऊन हा तरुण गवई ऐकत राहिला ते रस्त्यावरच्या माळवी गाण्यांकडे.

आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं, की या चार-पाच सुरांच्या धुनांमध्ये राग दडलेले आहेत. रागातून लोकगीत झालेलं नाही, लोकधुनेतून राग झालेला आहे. म्हणजे सुरांची जुळवाजुळव करून राग 'बनवायचा' नसतो, तो धुनेत आधीच असतो. तो ओळखायचा आणि त्याचा पसारा मांडायचा. याला त्यांनी नाव दिलं 'धुनउगम राग'. संजारी, मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, मधसुरजा, अहिमोहिनी, बीहड भैरव, अशी ती नामावळी आहे. मधसुरजातली त्यांची बंदिश ही बळी द्यायला नेलेल्या बोकडाची करुणा आहे. दरबारी ख्यालात असा विषय कुणाला सुचला असता? १९६५ साली 'अनूपरागविलास' हा त्यांचा बंदिशींचा ग्रंथ आला, तेव्हा ही सगळी कमाई कागदावर उतरली.

आता एक अवघड प्रश्न. गाणी कुणाची आणि नाव कुणाचं?

याच काळात दूर इंग्लंडमध्ये वेगळंच काही घडत होतं. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं दुःखाचं गाणं, ज्याला ब्लूज म्हणतात, ते लंडनच्या गोऱ्या पोरांनी रेकॉर्डवर ऐकलं आणि ती वेडी झाली. मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून एका बँडने आपलं नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवलं. एरिक क्लॅप्टन १९६५ साली जॉन मेयॉलच्या ताफ्यात गेला. १९३८ साली वारलेल्या रॉबर्ट जॉन्सनचं गाणं क्लॅप्टनने १९६८ साली 'क्रीम'बरोबर जगभर पोहोचवलं. यातल्या बऱ्याच जणांनी मूळ गायकांची नावं आदराने घेतली, काहींनी घेतली नाहीत. 'लेड झेपेलिन'च्या १९६९च्या एका गाण्यावरून विली डिक्सनने १९८५ साली दावा लावला आणि १९८७ साली तडजोड झाली. म्हणजे प्रेम खरं होतं, पण हिशेब राहिला होता.

कुमारही माळव्यात परकेच. कानडी घरातला, मुंबईत वाढलेला, माळवीशी संबंध नसलेला माणूस. मग फरक कोणता? एक म्हणजे त्यांनी ते गाणं रेकॉर्डवर नाही, खाटेवर पडून त्या मातीत ऐकलं. दुसरं, बरे झाल्यावर ते मुंबईला परतले नाहीत. १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात भानुमतीबाई गेल्या, तरी देवास सुटलं नाही. पुढच्या वर्षी वसुंधराताईंशी लग्न झालं, दोघांनी मिळून गायिलं, आणि १२ जानेवारी १९९२ रोजी कुमार गेले तेही देवासलाच. तिसरं, त्यांनी उगम लपवला नाही. 'मालवा की लोकधुनें' हा कार्यक्रमच त्यांनी केला, आणि रागांचं नावच धुनेवरून ठेवलं.

तरी हिशेब पुरा झाला असं मी म्हणणार नाही. रागांवर कुमारांचं नाव आहे, पण ज्या बायकांच्या गळ्यातून त्या धुना आल्या त्यांचं एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. पद्मभूषण (१९७७), पद्मविभूषण (१९९०) हे सगळं योग्यच होतं, पण बाजाराच्या वाटेवर गाणाऱ्या बाईला ते कळलंही नसेल. हा दोष कुमारांचा नव्हे. लोकगीताला कर्ता नसतो असं आपण म्हणतो, आणि ते म्हणणं आपल्या सोयीचं असतं.

पुढे थोडंसं बदललं हे खरं. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया, पेशाने शिक्षक, तंबुऱ्यावर कबीर गातात. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. शबनम विरमाणींनी २००८ साली 'कोई सुनता है' हा माहितीपट केला, त्यात कुमारांचा कबीर आणि माळव्यातल्या खेड्यांतला कबीर शेजारी शेजारी बसले. ज्या झऱ्यावर कुमार पाणी प्यायले, तो झरा आता स्वतःच्या नावाने ओळखला जातो आहे.

म्हणून कुमारांचं निर्गुणी भजन लावाल तेव्हा गायकाच्या श्वासाकडे फार लक्ष देऊ नका. तो किती कमी होता हे सगळ्यांनी सांगून झालंय. त्या सुरामागे कुणीतरी चालत गेलंय, डोक्यावर ओझं घेऊन, गात गात, आणि खिडकीआड एका मुक्या गवयाने ते ऐकलंय. गाणं त्या दोघांचं आहे.