गास्तोंचा पक्षी आणि नानामामांची गाडी

आमच्या नानामामांच्या गाडीने उत्तरायुष्यात जेवढं पेट्रोल प्यायलं, त्याहून जास्त डिस्टिल्ड वॉटर प्यायलं आहे.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, अस्सल स्पोर्ट्स कार. 1963 साली बोटीने मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून मामांनी ती मुंबईत विकत घेतली आणि खंडाळ्याचा घाट चढवून पुण्याला आणली. आजोबा ओट्यावर उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच विचारलं, "बाकीचे कुठे बसणार?" त्या वेळी घरात माणसं अकरा होती.

कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात तिचा दोष नाही, आणि असला तरी इतक्या वर्षांनी गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठे?

2007 साली मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. वय पंच्याहत्तर. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मामांनी ती मनाई शब्दशः पाळली. चालवायची नाही म्हणजे चालवायची नाही. पण चालू करायची नाही असं डॉक्टर कुठे म्हणाले होते? तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठ वाजता प्रभात रोडवरच्या त्या गॅरेजात एक विधी होऊ लागला. मामा लोकरी टोपी घालून स्टिअरिंगमागे बसायचे. मी गॅरेजचं दार उघडायचं. गाडी दोनदा खोकायची, एकदा शिंकायची आणि चालू व्हायची. दहा मिनिटं ती जागच्या जागी गुरगुरायची. मामी चहा आणायच्या. चहा संपला की मामा चावी फिरवायचे, मडगार्डवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे. पुढच्या रविवारी."

दर दोन वर्षांनी मात्र एक रविवार असा उगवायचा की गाडी खोकायची नाही की शिंकायची नाही. नुसतं 'टक्'. बॅटरी गेली. बॅटरी म्हणतो, पण त्या दोन होत्या. त्या काळच्या काही इंग्रज गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा व्होल्ट करत, आणि त्या बसवत सीटांच्या मागे, खालच्या अंगाला, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना. त्यांचं पाणी बघायचं तर गालिचा उचला, झाकणाचे स्क्रू काढा आणि सीटवर पालथे पडून डोकं खाली घाला. साष्टांग नमस्काराशिवाय या देवतेचं दर्शन नाही.

2017 साली पाचवी जोडी गेली, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, तू जरा या बॅटरीचं बघ."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला 'बघ' म्हटलं की मी मुळापासून बघतो. मामांची अपेक्षा होती की मी झाकण उघडून आत बघेन. मी 1749 पासून बघायला सुरुवात केली.

त्या साली बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या बरण्यांची एक रांग जोडली आणि तिला 'बॅटरी' म्हटलं. शब्द तोफखान्यातला. तोफांची रांग ती बॅटरी, तशी बरण्यांची रांगही बॅटरी. आपल्याकडे येईतो या शब्दाची इतकी हेळसांड झाली की हातातला टॉर्चही बॅटरी आणि वर्गातला चष्मेवाला पोरगाही बॅटरी. मी स्वतः सहावी ते अकरावी 'बॅटरी' होतो, त्यामुळे विषयाशी माझं नातं जुनं आहे.

पुढे बोलोन्यात गॅल्व्हानी नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाला मेलेल्या बेडकाची तंगडी दोन धातू लागताच झटका खाते असं दिसलं. वीज बेडकात आहे, असं त्यांनी 1791 साली छापलं. व्होल्टा म्हणाले, बेडकात काही नाही, वीज त्या दोन धातूंच्या जोडीत आहे. दोन विद्वान प्राध्यापक बेडकाच्या तंगडीवरून भांडतात म्हटल्यावर वाद मिटणार कसा? 1800 साली व्होल्टांनी बेडूक बाजूला ठेवला, चांदीच्या आणि जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घालून उतरंड रचली, आणि तिच्यातून सतत वीज वाहू लागली. दुसऱ्या वर्षी पॅरिसला जाऊन त्यांनी ती नेपोलियनला दाखवली. पुढे नेपोलियनने त्यांना सरदारकी दिली. बेडकाला कोणी काही दिलं नाही.

पण व्होल्टांची बॅटरी एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी बॅटरी करणारा माणूस यायला आणखी एकोणसाठ वर्षं जावी लागली. त्याचं नाव गास्तों प्लांते. फ्रेंच. नानामामांच्या सीटमागे जे शिशाचं ओझं आहे त्याचा मूळ पुरुष हाच. 1859 साली त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या घातल्या, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी केली आणि ती पाणी घातलेल्या गंधकाम्लात बुडवली. तिच्यात वीज भरली की ती राहायची आणि हवी तेव्हा काढता यायची. गंमत अशी की ती भरायला त्या वेळी कामाचा डायनामो अस्तित्वातच नव्हता. प्लांते ती दुसऱ्या, न भरता येणाऱ्या बॅटऱ्यांनी भरायचा. म्हणजे पैसे ठेवायला बँक काढली, पण ठेवायला पैसे शेजाऱ्याकडून उसने. शिवाय पत्रे चांगले मुरायला ती महिनोन्‌महिने भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. लोणचंसुद्धा त्या मानाने लवकर मुरतं.

या प्लांतेबद्दल वाचताना मला एक गोष्ट सापडली, आणि मी ग्रंथालयात एकटाच मोठ्याने हसलो. बॅटरीच्या चार वर्षं आधी, 1855 साली, विशी-एकविशीच्या या पोराला पॅरिसजवळ म्यूदों इथे एका प्रचंड पक्ष्याची जीवाश्म झालेली हाडं सापडली. माणसाएवढा उंच, भरभक्कम, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पक्षी. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं गास्टॉर्निस, म्हणजे गास्तोंचा पक्षी. आणि हा पक्षी, वाचकहो, उडू शकत नव्हता. ज्या माणसाने जगाला न उडणारा पक्षी दिला, त्यानेच नानामामांच्या न चालणाऱ्या गाडीची बॅटरी दिली! इतिहासात असे योग असतात. ते परीक्षेत विचारत नाहीत, एवढंच.

मधलं भराभर सांगतो. 1881 साली फॉर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप दिला आणि महिन्यांचं मुरवणं वाचवलं. त्या बॅटरीची पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे गेली. म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. वीज पेटीत भरून परगावी नेता येते, याचं लोकांना केवढं अप्रूप वाटलं!

पण खरी मजा 1899 सालची. त्या वर्षी 29 एप्रिलला पॅरिसजवळ आशेर इथल्या रस्त्यावर कामिय झेनात्झी नावाच्या लाल दाढीच्या बेल्जियन माणसाने ताशी 105.88 किलोमीटर वेगाने मोटार हाकली. ताशी शंभराच्या वर गेलेली ही जगातली पहिली मोटार, आणि ती पेट्रोलवर नव्हती, शिशाच्या बॅटऱ्यांवर होती. आकार सिगारसारखा. झेनात्झी वर बसलेला, छातीपर्यंत उघडा, जणू नारळावर ठेवलेला नारळ. गाडीचं नाव त्याने ठेवलं होतं 'कधीच समाधान न होणारी'. हे मी मामींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कुठल्या तरी नवऱ्यानेच ठेवलेलं दिसतंय." झेनात्झीचा शेवटही त्याच्या स्वभावाला धरून झाला. 1913 साली शिकारीला गेला असता मित्रांची गंमत करावी म्हणून झुडपामागे लपून त्याने रानडुकराचा आवाज काढला. आवाज उत्तम जमला. मित्राने गोळी झाडली.

तर अशी शर्यती जिंकणारी ही बॅटरी. तिच्या नशिबी पुढे काय आलं? पेट्रोलच्या गाड्या पुढे गेल्या. पण त्या चालू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. आपल्याकडे जुन्या अँबॅसिडरवाल्यांना हे सांगायला नको. हँडल उलट फिरलं तर मनगट जाई. मोटारी बनवणारा बायरन कार्टर एका बंद पडलेल्या गाडीला हँडल मारायला गेला, ते उलटलं, त्याचा जबडा फुटला आणि त्यातच तो दगावला. म्हणून कॅडिलॅकचे प्रमुख लेलंड पेटून उठले, अशी हकीकत सांगतात. तपशिलांवर इतिहासकार भांडतात, मीही भांडलो असतो. पण 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला, हे नक्की. तो चार्ल्स केटरिंगने केला. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्यातून त्याला कळलं होतं की काम दोन-चार सेकंदांचंच असेल तर लहान मोटरही मोठा जोर लावते. झालं. एकेकाळी स्वतः ताशी शंभराने धावणारी बॅटरी आता उद्घाटनाचा नारळ फोडण्यापुरती उरली.

एवढं ज्ञान घेऊन मी नाना पेठेतल्या बॅटरीवाल्या चाचांकडे गेलो. मेलेली जोडी रिक्षात घालून नेली होती. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, गाडी चालते किती?"

"दर रविवारी."

"किती किलोमीटर?"

"किलोमीटर नाही. मिनिटं. दहा."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वैद्य रोज पावशेर मिठाई खाणाऱ्याकडे पाहतो. "म्हणजे तुम्हीच मारता की हो बॅटरी!"

मग त्यांनी काचेची पिचकारी घेऊन एकेका सेलमधलं ॲसिड ओढून दाखवलं. भरलेल्या बॅटरीत आतला तरंगणारा काटा 1.26-1.28 दाखवतो, आमच्याकडे तो तळाला बसला होता. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा. स्टार्टर बॅटरीतून वीज खेचतो. ती परत भरायची डायनामोने. पण आमच्या गाडीचा जुना डायनामो इंजिन हळू गुरगुरत असताना जवळजवळ काहीच देत नाही. उलट इंजिनाची ठिणगी बॅटरीच पुरवते. म्हणजे दर रविवारी आम्ही खात्यातून थोडं काढत होतो आणि 'भरलं' असं समजून चहा पीत होतो. त्यात नुसती उभी असतानाही बॅटरी आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्तच. आणि उतरलेली तशीच ठेवली की पत्र्यांवर शिशाचा क्षार बसून दगड होतो.

"खरकटं," मामी नंतर म्हणाल्या. "ताट लगेच घासलं तर पाण्यानेसुद्धा निघतं. चार दिवस ठेवलं की खरवडावं लागतं." तीन फ्रेंच ग्रंथकारांनी मला जे नीट समजावलं नव्हतं ते मामींनी मोरीजवळ उभ्या उभ्या समजावलं.

चाचांनी दोन उपाय सांगितले. एक, भिंतीच्या प्लगला लावून ठेवायचा चार्जर. साधा नव्हे, भरली की आपोआप हात आखडता घेणारा. सतत साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. पाणी पत्र्यांच्या वर राहील एवढं बघायचं, फक्त डिस्टिल्ड घालायचं, वरून ॲसिड कधीच घालायचं नाही, टर्मिनलांना व्हॅसलीन. गाडीला हात लावायची गरजच नाही. "नाहीतर दुसरा उपाय," ते म्हणाले, "गाडी चालवा. चाळीस मिनिटं, मोकळ्या रस्त्यावर." आणि जाता जाता ओरडले, "ह्या गाडीला प्लस बॉडीला आहे, विसरू नका!" ते मी विसरणार नव्हतो. 2011 साली आमच्या एका भाच्याने उत्साहाने उलट्या वायरी जोडल्या होत्या आणि मामांनी हौसेने बसवलेला ट्रान्झिस्टर रेडिओ एकदाच 'खर्र' करून कायमचा गप्प झाला होता.

चार्जर घेतला. पण तो पिशवीतून काढायचा धीर होईना. तो लावला की रविवारची गरज संपली, आणि त्या रविवारावर मामांचे उरलेले सहा दिवस टेकलेले होते. बरं, दहा वर्षं तुम्ही जे प्रेमाने करत आलात त्यानेच पाच जोड्या मेल्या, हे पंच्याऐंशीच्या माणसाला सांगायचं कुणी? मी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "सांग. डोळे गेलेत त्यांचे, डोकं नाही."

मी सांगितलं. बेडूक, पक्षी, झेनात्झी असं करत करत डायनामोपर्यंत आलो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. चोपन्न वर्षांत त्या गाडीच्या डाव्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते, आणि उजव्या सीटवर त्यांच्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं.

"तुला डबल क्लच येतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"शिकवीन."

पुढच्या रविवारी पहाटे सहाला, नवी जोडी बसवून आणि माझ्या खिशातल्या गणपतीला हात लावून आम्ही निघालो. मामा डावीकडे. खडकवासल्यापर्यंत त्यांनी रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. इंजिनकडे कान देऊन बसले होते. "आता तिसरा." "आता सोड." "उगीच घाबरतोस, ती नाही घाबरत." धरणाच्या भिंतीजवळ पोचलो तेव्हा माझा सदरा घामाने भिजला होता आणि मामांची टोपी वाऱ्याने कुठे तरी धायरीजवळ उडाली होती. ती शोधू या म्हटलं, तर म्हणाले, "गाडी थांबवू नकोस."

परत आलो तो मामी गॅरेजच्या दारात उभ्या. पायांत चपला, अंगावर शाल, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. चहा नव्हता.

"उतरा," त्या मामांना म्हणाल्या. "1963 पासून ऐकतेय, बाकीचे कुठे बसणार, बाकीचे कुठे बसणार."

मामा उतरले. दार त्यांनी स्वतः लावलं, मडगार्डवर थाप मारली, आणि मी गिअर टाकणार तोच हाक आली.

"चाळीस मिनिटं! आधी परत आलात तर भरायची नाही!"