मेलेल्यांची मतं आणि एक पुठ्ठ्याची पेटी

मेलेली माणसं मतदान करून जातात हा विनोद आपल्याकडे इतका जुना आहे की त्यावर आता कुणी हसतही नाही. पण एखाद्या विधिमंडळात हाच विषय गंभीरपणे चर्चेला यावा, आणि कुणीतरी उभं राहून अशी दुरुस्ती सुचवावी की मरून तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर त्या माणसाला मत देता येणार नाही... म्हणजे अलीकडेच गेलेल्यांना हरकत नाही! अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या सिनेटमध्ये हे खरंच घडलं. सांगणारे गृहस्थ त्या वेळी त्या सभागृहात बसलेले होते आणि त्यांचं नाव होतं जिमी कार्टर. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, नोबेल मिळालं, २०२४ च्या डिसेंबरात शंभरी गाठून गेले. पण त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त वाचावीशी वाटते ती त्यांची पहिली निवडणूक. साध्या राज्य सिनेटची, एका ग्रामीण मतदारसंघातली. त्यांनी स्वतः त्यावर १९९२ मध्ये 'टर्निंग पॉइंट' नावाचं पुस्तक लिहिलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉर्जियात १५९ काउंट्या. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका समजा. १९१७ च्या कायद्याने तिथे एक अजब पद्धत आली होती. राज्यपाल वगैरे पदांसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची जी प्राथमिक निवडणूक व्हायची, तिच्यात माणसांची मतं थेट धरायची नाहीत, काउंटीची धरायची. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ मतं, पुढच्या ३० ना ४, आणि उरलेल्या १२१ ना प्रत्येकी २. आता आकडे बघा. १९६० च्या जनगणनेत अटलांटा शहराच्या फुल्टन काउंटीत ५,५६,३२६ माणसं होती आणि एकोल्स नावाच्या चिमुकल्या काउंटीत १,८७६. फुल्टनला ६, एकोल्सला २. हिशेब केला तर एकोल्सच्या एका माणसाचं वजन फुल्टनच्या ९९ माणसांएवढं! आणि त्या काळी जॉर्जियात दुसरा पक्ष नावापुरताच असल्याने प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. १९४६ मध्ये युजीन टालमेज यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी माणसांनी मतं दिली, तरी काउंट्यांच्या हिशेबात तेच जिंकले.

सिनेटची तऱ्हा आणखी निराळी. बहुतेक मतदारसंघ तीन-तीन काउंट्यांचे, आणि सिनेटरची जागा त्यांच्यात पाळीपाळीने फिरायची. दोन वर्षं तुमचा माणूस, मग दोन वर्षं शेजारच्यांचा, मग तिसऱ्यांचा. घरातल्या गणपतीची पाळी भावाभावांत फिरते ना, तसंच. अशा सिनेटरला पुन्हा निवडून यायची चिंता नाही, त्यामुळे लोकांना तोंड दाखवायचीही फारशी गरज नाही.

हे सगळं १९६२ साली हललं. टेनेसी राज्यात १९०१ नंतर मतदारसंघांची फेररचनाच झाली नव्हती. त्या 'बेकर विरुद्ध कार' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६२ मध्ये सांगितलं की अशा तक्रारी न्यायालय ऐकू शकतं. दार उघडलं म्हटल्यावर जॉर्जियातही निकाल लागले, काउंटीची पद्धत मोडली, आणि घाईघाईने सिनेटचे ५४ मतदारसंघ लोकसंख्येनुसार आखले गेले. त्यांतले २१ एकट्या सात मोठ्या काउंट्यांच्या वाट्याला आले. १ ऑक्टोबर १९६२ ला, आपल्या अडतिसाव्या वाढदिवशी, प्लेन्स गावातल्या भुईमुगाच्या या व्यापाऱ्याने उभं राहायचं ठरवलं. मतदारसंघ चौदावा, सात काउंट्यांचा. मतदान १६ तारखेला. प्रचाराला उणेपुरे दोन आठवडे.

या सातांतली क्विटमन नावाची एक छोटी काउंटी. तिथले सर्वेसर्वा जो हर्स्ट. आमदार तेच, पक्षाचे पुढारी तेच. जॉर्जटाउनच्या मतदान केंद्रावर मतदानाला आडोसाच नव्हता. हर्स्टसाहेब समोर उभे, आणि लोकांनी त्यांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी भरायची. पेटी म्हणजे दारूच्या बाटल्यांचं पुठ्ठ्याचं खोकं, त्याला वरून भोक. कार्टर यांचा एक मित्र तिथे दिवसभर उभा राहून हे बघत होता. रात्री निकाल आला तेव्हा कार्टर १३९ मतांनी हरले होते.

ते तक्रार घेऊन गेले. सुरुवातीला कुणी दाद दिली नाही, क्विटमनमध्ये असंच चालतं असं म्हणून लोक मोकळे झाले. मग 'अटलांटा जर्नल'चे जॉन पेनिंग्टन हे पत्रकार खणत गेले, चार्ल्स किर्बो यांच्यासारखा वकील मिळाला, आणि न्यायाधीश कार्ल क्रो यांच्यासमोर सुनावणी झाली. मतदान केलं ३३३ जणांनी, मतपत्रिका निघाल्या ४२०. यादीत ११७ मतदार असे, की ते चक्क वर्णानुक्रमे रांगेत उभे राहून मत देऊन गेले होते! त्यांत काही गाव सोडून गेलेले, काही तुरुंगात, काही स्मशानात. पेटी उघडली तर शंभराच्या वर मतपत्रिका एकत्र गुंडाळलेल्या, आणि क्रमांकाच्या स्थळप्रती गायब.

स्थळप्रतींचा हा उल्लेख वाचताना मला माझी आई आठवली. ती शिक्षिका, दर निवडणुकीत ड्यूटी लागायची. कागदी मतपत्रिकांचे दिवस. रात्री उशिरा घरी आली की म्हणायची, "हिशेब जुळला एकदाचा." किती पत्रिका आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, हे जुळल्याशिवाय त्यांना केंद्र सोडता येत नसे. आम्हाला ती कटकट वाटायची. जॉर्जटाउनमध्ये नेमकी तीच कटकट कुणी केली नव्हती.

न्यायाधीशांनी ती पेटी बाद केली आणि कार्टर ६५ मतांनी पुढे गेले. पण गोष्ट संपली नाही. सार्वत्रिक मतदानाच्या आदल्या रात्री दुसऱ्या एका न्यायालयाने मतपत्रिकांवरची नावंच खोडायला सांगितली. मतदारांनी हाताने नाव लिहून मत द्यायचं! ६ नोव्हेंबरला तसं मतदान झालं, कार्टर यांना ३,०१३ आणि होमर मूर यांना २,१८२. ८३१ मतांनी विजय, आणि जानेवारी १९६३ मध्ये शपथ.

सत्याचा विजय वगैरे म्हणून इथेच थांबता आलं असतं. पण मला हे आकडे टोचतात. सात काउंट्यांत मिळून जेमतेम पाच हजार मतं? या मतदारसंघात काळ्या लोकांची वस्ती प्रचंड होती. त्यातल्याच टेरेल काउंटीच्या नोंदणी अधिकाऱ्यांवर केंद्र सरकारला खटला भरावा लागला होता, कारण ते काळ्या लोकांची नावं यादीत येऊ देत नव्हते. कार्टर उभे राहिले त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, टेरेलमध्ये मतदार नोंदणीचं काम चालणारी काळ्या लोकांची चर्चेस जाळण्यात आली. म्हणजे ज्या मतदारसंघात मेलेल्यांची नावं यादीत होती, तिथेच जिवंत, धडधाकट माणसांची नावं नव्हती. पहिल्या अन्यायावर पंधरवड्यात न्यायालय बसलं. दुसऱ्यासाठी १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

तरीही सीमारेषा बदलल्याने काहीच झालं नाही असं नाही. त्याच १९६२ मध्ये, त्याच नव्या आखणीमुळे अटलांटातून लेरॉय जॉन्सन हे काळे वकील सिनेटवर निवडून आले. १९०७ नंतर जॉर्जियाच्या विधिमंडळात पाऊल ठेवणारे ते पहिले काळे सदस्य.

पुढे १९६४ मध्ये 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी स्पष्टच लिहिलं की प्रतिनिधी माणसांचा असतो, झाडांचा किंवा एकरांचा नव्हे. हे वाचताना आपल्या माणसाला बाबासाहेब आठवणारच. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटनासमितीत त्यांनी सांगितलं होतं की राजकारणात आपण एक माणूस एक मत आणि एक मत एक मूल्य हे तत्त्व स्वीकारतो आहोत. 'एक मत' वेगळं आणि 'एक मूल्य' वेगळं, हे त्यांनी अमेरिकन न्यायालयाच्या पंधरा वर्षं आधी दोन शब्दांत पकडलं. आणि तेवढ्यावर न थांबता सामाजिक आणि आर्थिक विषमतेचा विरोधाभासही त्याच भाषणात दाखवून दिला.

आपल्याकडे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या, २००१ मध्ये ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे नेली. त्यामागचं कारण सरळ होतं, लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. पटण्यासारखं आहे. पण जी राज्यं वाढली, तिथल्या माणसाच्या मताचं वजन कमी होत गेलं, हेही तितकंच खरं. एकोल्स आणि फुल्टनइतकी तफावत आपल्याकडे नाही, आणि हेतूही तसा नाही. तरी कुणाचं मत किती वजनाचं, हा प्रश्न जनगणनेबरोबर पुन्हा पुन्हा येत राहणार, आणि तेव्हा आपण फक्त आपल्या राज्याच्या जागा मोजत बसू अशी मला भीती वाटते.

हर्स्ट यांना नंतर निवडणुकीतल्या गैरप्रकाराबद्दल शिक्षा झाली. कार्टर यांनी अध्यक्षपदानंतर जी संस्था काढली, तिने जगभरात शंभराहून अधिक निवडणुकांवर नजर ठेवली. १९८९ मध्ये पनामात त्यांनी लबाडी झाल्याचं तोंडावर सांगितलं. त्या पुठ्ठ्याच्या खोक्याची ती देणगी असावी. मला मात्र या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो जॉर्जटाउनमधला साधा मतदार, ज्याने हर्स्टच्या नजरेसमोर कार्टरच्या नावावर खूण केली, आणि नंतर न्यायालयात येऊन काय घडलं ते सांगितलं. त्याला त्याच गावात राहायचं होतं.