पायावरची सूज आणि 'पाणी काढायची गोळी': घेण्याआधी काय माहीत हवं?

संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली की पायावर पट्ट्यांचे वळ दिसतात. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अंगात पाणी धरलंय." मग औषधांच्या डब्यातून काकांची जुनी स्ट्रिप निघते, नाहीतर कुणाला तरी मेडिकलमध्ये पिटाळलं जातं, "ती पाणी काढायची गोळी आण."

ही गोळी म्हणजे डाययुरेटिक. मराठीत मूत्रल औषध, बोलीत लघवीची गोळी. लॅसिक्स, डायटर, अल्डॅक्टोन ही त्यातली घराघरांत ओळखीची झालेली नावं. हृदय कमजोर झालेल्या माणसाला रात्री आडवं झोपता येण्याइतका श्वास हीच गोळी मिळवून देते. पण ती स्वस्त आहे, तासाभरात परिणाम दाखवते, त्यामुळे क्रोसिनइतकी साधी वाटते. तशी ती नाही, आणि कायद्यानेही ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसते.

गोळी नेमकं काय करते?

आपली मूत्रपिंडं दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळपास सगळा शरीर परत शोषून घेतं आणि शेवटी दीड-दोन लिटर लघवी उरते. या परत शोषण्यात मीठ म्हणजे सोडियम पुढे जातं आणि पाणी त्याच्या मागोमाग. डाययुरेटिक मिठाची ही परतीची वाट अडवते. मीठ लघवीत राहिलं की पाणीही तिथेच राहतं.

थोडक्यात, गोळी आधी मीठ काढते, मग पाणी. म्हणूनच सकाळी गोळी आणि दुपारी ताटात पापड, लोणचं, वर फरसाण असा बेत असेल तर गोळीची मेहनत वाया जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे एक सपाट चमचाही नाही. आणि हो, सैंधव हेसुद्धा सोडियमच आहे. ते गुलाबी असल्याने मूत्रपिंडाला काही फरक पडत नाही.

या गोळ्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड या जोरदार गोळ्या, सूज उतरवायला मुख्यतः याच दिल्या जातात. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन या सौम्य, बहुतेकदा रक्तदाबासाठी. या अनेकदा दुसऱ्या औषधात मिसळलेल्या असतात. टेल्मिसार्टनच्या गोळीच्या नावापुढे 'एच' लिहिलेलं असेल तर तुम्ही आधीच डाययुरेटिक घेत आहात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तिसरी स्पायरोनोलॅक्टोन, जी पाणी काढते पण पोटॅशियम राखून ठेवते. हा शेवटचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सूज कशामुळे आली, हे आधी शोधा

सूज हे लक्षण आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात शरीर मीठ-पाणी साठवतं आणि तिथे ही गोळी उपयोगी पडते. पण प्रत्येक सूज अशी नसते.

सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनचं. ही गोळी घेणाऱ्या काही जणांचे घोटे सुजतात. ती सूज बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे येते, शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नाही. त्यामुळे डाययुरेटिकने ती फारशी उतरत नाही. तरीही एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी गोळी सुरू होते, मग दुसरीमुळे पायात गोळे येतात आणि त्यासाठी तिसरी. डॉक्टरांना फक्त "पाय सुजतात" एवढंच न सांगता "ॲम्लोडिपिन सुरू केल्यापासून सुजतात" असं सांगितलं, तर ही साखळी पहिल्याच कडीत तुटू शकते.

गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही अंगात पाणी धरायला लावतात. थायरॉइड, शरीरातली प्रथिनं कमी होणं, पायाच्या शिरा फुगणं हीसुद्धा कारणं असतात. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोग अजून आढळतो. त्या सुजेवर ही गोळी हा इलाज नाही.

दोन प्रसंगी मात्र गोळीचा विचारही न करता दवाखाना गाठायचा. एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. आणि गरोदरपणात सुजेसोबत डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चेहरा-हात सुजले असतील, तर रक्तदाब तातडीने तपासून घ्यायला हवा.

पोटॅशियमचा घोळ

सोशल मीडियावर या गोळीबद्दलचा सर्वाधिक फिरणारा सल्ला म्हणजे, "लघवीची गोळी घेता ना, मग नारळपाणी प्या, केळी खा." हा सल्ला अर्ध्या लोकांसाठी बरा आणि उरलेल्यांसाठी धोक्याचा आहे.

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड आणि थायझाइड गटातल्या गोळ्या मिठासोबत पोटॅशियमही बाहेर टाकतात. पोटॅशियम कमी झालं की थकवा येतो, पोटऱ्यांत गोळे येतात आणि फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त.

स्पायरोनोलॅक्टोनचं उलटं आहे. ती पोटॅशियम आत अडवते. सोबत रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन असेल, मूत्रपिंड थोडं कमजोर असेल आणि त्यावर रोज नारळपाणी, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठातही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून ते घरात आणलं जातं आणि नेमकं याच रुग्णाच्या ताटात जातं. गंमत म्हणजे पोटॅशियम चढल्याचं अनेकदा काहीच जाणवत नाही, थेट ठोकेच चुकतात.

मग आपल्याला कोणता नियम लागू? स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. डायटर आणि डायटर प्लस या नावांत एका शब्दाचाच फरक आहे, पण 'प्लस'मध्ये टॉर्सेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोनही आहे. खरं उत्तर मात्र रक्ततपासणीच देते. गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन या तीन तपासण्या होतात. त्यानंतर किती दिवसांनी, हे डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचा त्रास असेल, मधुमेह असेल, सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा लिथियम सुरू असेल, तर तेही आधी सांगा. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन घेत असाल तर तीही लघवी वाढवते. पुनर्नवा, गोखरूचे काढे घेत असाल तर लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने अनेक जण ते सांगतच नाहीत.

गोळी कधी घ्यायची?

बहुतेकांना सकाळी. दिवसातून दोनदा असेल तर दुसरी साधारण दुपारी, म्हणजे रात्रभर उठावं लागत नाही. वयस्कर माणूस अंधारात घाईने बाथरूमकडे जाताना पडतो आणि मांडीचं हाड मोडतं, हा धोका गोळीच्या रासायनिक दुष्परिणामांइतकाच खरा आहे. फ्युरोसेमाइडचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि साधारण सहा तास टिकतो. इंग्रजीतल्या 'सहा तास टिकते' या शब्दांवरूनच लॅसिक्स हे नाव आलं, असं सांगतात.

माझी आजी एसटीने गावाला जायच्या दिवशी गोळी घ्यायचीच नाही. डबे भरायच्या गडबडीत विसरते, असं आम्हाला वाटायचं. खरं कारण आम्हाला उशिरा कळलं. वाटेतल्या स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जायची तिला धास्ती होती आणि हे डॉक्टरांपुढे बोलायची लाज. लग्नसराईत असे चार-पाच दिवस सलग आले की तिला दम लागायचा. शेवटी डॉक्टरांनी सोपा मार्ग काढला. प्रवासाच्या दिवशी गोळी मुक्कामी पोचल्यावर, दुपारी घ्यायची. अनेकांना अशी वेळ बदलता येते. पण आपल्या डॉक्टरांना विचारून, परस्पर नाही.

गोळी घ्यायची विसरलात आणि दुपारपर्यंत आठवलं, तर घ्या. संध्याकाळ उलटली असेल तर त्या दिवशीची सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

वजनकाटा हाच मीटर

हृदयविकारामुळे गोळी सुरू असेल तर घरात एक साधा वजनकाटा हवाच. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी रोज वजन करायचं आणि वहीत लिहायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर ती चरबी नाही, पाणी आहे. सूज दिसायच्या आधी काटा हे सांगतो. डॉक्टरांना लगेच फोन करा. उलट वजन झपाट्याने उतरतंय, तोंड कोरडं पडतंय, उभं राहिल्यावर गरगरतंय, तर पाणी गरजेपेक्षा जास्त निघतंय.

हे उन्हाळ्यात जास्त होतं. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा घामावाटेही मीठ-पाणी जात असतं. जुलाब, उलट्या, जोराचा ताप, निर्जळी उपवास यांतही तेच. अशा दिवशी नेहमीचा डोस घ्यायचा की थांबवायचा, हे आजारी पडल्यावर नाही, आधीच विचारून ठेवा. आणि अशा वेळी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको. रॅमिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, डाययुरेटिक आणि हे पेनकिलर एकत्र आले की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं.

पाणी किती प्यायचं, याला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. काहींना दिवसाची मर्यादा घालून दिलेली असते, काहींना नसते. आपला आकडा विचारून घ्या.

बारीक दिसण्यासाठी?

फेब्रुवारी २००३ मध्ये क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्नला दक्षिण आफ्रिकेतून घरी परतावं लागलं आणि पुढे वर्षभराची बंदी आली. त्याच्या नमुन्यात सापडलं होतं डाययुरेटिक. बारीक दिसावं म्हणून आईने गोळी दिली होती, असं त्याचं म्हणणं होतं. खेळात ही औषधं निषिद्ध आहेत, कारण लघवी पातळ करून ती दुसरी औषधं लपवू शकतात.

वजन कमी करायचं म्हणाल, तर या गोळीने एक ग्रॅमही चरबी जात नाही. काट्यावरचा आकडा पाण्यामुळे उतरतो. गोळी थांबवली की शरीर आधीपेक्षा जोमाने मीठ-पाणी धरतं, सूज वाढल्यासारखी वाटते आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. लग्नाआधी, फोटोशूटआधी "दोन दिवसांत दोन किलो" सांगणाऱ्या रील्समध्ये हा पुढचा भाग नसतो.

आणि हे वाचून घाबरून चालू असलेली गोळी मात्र बंद करू नका. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा यकृतासाठी दिलेली डाययुरेटिक अचानक सोडली, तर काही दिवसांत पाणी फुप्फुसात भरू शकतं. आडवं झाल्यावर दम लागत असेल, रात्री गुदमरून जाग येत असेल, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा लघवी जवळजवळ बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि निघताना औषधांच्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून सोबत न्या.