वयस्क निवडुंगाची निगा

कुंडीतील निवडुंग जुना झाला की बुडापासून तपकिरी आणि खरखरीत होऊ लागतो. झाड मेले असे समजून अनेकजण ते फेकून देतात. वास्तविक खोड टणक असेल, तर ही वयोमानाने चढलेली साल होय. तिच्यावर काही उपाय करण्याचे कारण नाही. मात्र दाबल्यावर खोड मऊ लागले, काळपट दिसले किंवा दर्प येऊ लागला, तर ती कूज समजावी. मग विलंब करू नये.

सांगलीत या कुजीचे कारण बहुधा मातीतच सापडते. कृष्णाकाठची काळी माती उसाला मानवते, परंतु ती पाणी धरून ठेवते आणि निवडुंगाची मुळे गुदमरतात. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, कास-महाबळेश्वरच्या बाजूस, तोच परिणाम पावसाळी दमट हवा घडविते. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत हे झाड त्या मानाने सुखी असते. कुंडीत निम्मी जाडी वाळू व विटांचे तुकडे घालावेत आणि पावसाळ्यात ती पागोळ्यांपासून दूर ठेवावी.

बूड कुजले तरी शेंडा वाचविता येतो. स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने निरोगी भाग कापावा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला, तर स्वच्छ गर लागेपर्यंत आणखी वर कापत जावे. तुकडा १०-१५ दिवस सावलीत सुकवून, जखमेवर खपली धरल्यावरच कोरड्या वाळूत टेकवावा. मुळे फुटेपर्यंत पाणी देऊ नये. बहुतेकांची घाई नडते ती इथेच.

लाल-पिवळ्या गोळ्याच्या निवडुंगाची गोष्ट वेगळी. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते. तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो आणि खुंट थकला की काही वर्षांत जातो. तत्पूर्वी त्याचे नव्या खुंटावर कलम करावे. हा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटचा, म्हणजे निवडुंगाचाच असतो. सांगलीकरांना तो मिळणे अवघड नाही. कडेगाव तालुक्यातील तडसरचे ड्रॅगन फ्रूट २०२१ मध्ये दुबईला गेले होते.

आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग मात्र खरा कॅक्टस नव्हे. तो एरंडाच्या कुळातला. त्याची छाटणी करताना हातमोजे घालावेत. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते. तसे झाल्यास डोळे भरपूर पाण्याने धुवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.