सूची आणि चाळणी : वैद्यकीय माहितीच्या संघटनेचा एक अध्याय

वैद्यकीय माहितीच्या संघटनेचा इतिहास बहुधा सूचींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यात दोन निराळी कार्ये एकमेकांत मिसळलेली आहेत : लेख सापडवून देणे हे एक, आणि सापडलेल्यांपैकी विश्वसनीय कोणते हे ठरविणे हे दुसरे. पहिले कार्य क्रमाक्रमाने यंत्राच्या स्वाधीन होत गेले. दुसरे मात्र माणसांच्याच श्रमावर राहिले, आणि त्यामुळेच ते पदोपदी आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

सूचीचे श्रेय मुख्यतः अमेरिकन लष्करी शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे जाते. वॉशिंग्टन येथील सर्जन जनरलच्या ग्रंथालयाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने 1879 साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. एवढे उपयुक्त नियतकालिकदेखील 1899 मध्ये बंद पडले व 1903 मध्ये कार्नेगी संस्थेचा आधार मिळाल्यावरच पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे 1964 साली सूचीचे काम संगणकावर आले, 1971 पासून दूरध्वनीच्या तारांवरून तिचा शोध घेता येऊ लागला आणि 1997 मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ती सर्वांना विनामूल्य झाली.

परंतु सापडणे म्हणजे उपयोगात येणे नव्हे. 1972 साली न्यूझीलंडमधील लिगिन्स व हावी यांनी 282 मातांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अकाली प्रसूतीचा संभव असता मातेस कॉर्टिकोस्टिरॉइड दिल्याने नवजात अर्भकाचा श्वसनविकार टळू शकतो, असे त्यातून दिसून आले. तशाच प्रयोगांचे आणखी वृत्तांत पुढे येत गेले. ते सर्व सूचीत नोंदलेले होते. तरीही बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांनी हा उपचार अंगीकारला नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने त्याची शिफारस केली ती 1994 साली. मधल्या बावीस वर्षांत कित्येक अर्भके दगावली ती माहितीच्या अभावी नव्हे, तर विखुरलेली माहिती एकत्र तोलून वैद्यापुढे ठेवणारे कोणी नव्हते म्हणून, असे म्हणावे लागते. त्याच 1972 साली आर्ची कॉक्रन यांचा ‘इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, हा योगायोग विलक्षण आहे. त्यांच्या नावाने 1993 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने आपल्या बोधचिन्हात याच उपचारावरील सात प्रयोगांची आकृती घेतली.

आंतरजालाचा प्रसार होऊ लागताच हा प्रश्न शतगुणित झाला. कारण तेथे संपादकाची पहिली चाळणीही उरली नव्हती. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात 1995 साली ‘ओम्नी’ हा उपक्रम सुरू झाला. मजकूर कोणाचा, कोणासाठी लिहिलेला, शेवटचा केव्हा सुधारलेला, हे तपासून प्रत्येक संकेतस्थळाची वर्णनात्मक नोंद ग्रंथपाल स्वतः करीत. हे काम संथ व खर्चाचे होते. नोंद एकदा केली म्हणजे संपले असेही नव्हते, कारण संकेतस्थळे बदलत व लोपत असत. याच सुमारास तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही पाऊल उचलले. 1998 च्या धोरणानुसार, म्यूर ग्रे यांच्या नेतृत्वाखाली, सेवेतील वैद्य व परिचारिका यांच्यासाठी राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक आरोग्य ग्रंथालय उभारण्यात आले. भारतापुरते पाहता, वैद्यकीय संशोधन परिषदेने 2007 साली शुल्क भरून कॉक्रन ग्रंथालय देशभर खुले केले. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरलाही महानगरातील प्राध्यापकाइतकाच प्रवेश त्यामुळे मिळाला. मात्र मजकूर इंग्रजीत असल्याने परिचारिकांपर्यंत तो कितपत पोहोचला असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

‘ओम्नी’ 2006 मध्ये ‘इंट्यूट’ या व्यापक सेवेत विलीन झाली. शोधयंत्रे पुरेशी असताना हाताने निवड कशासाठी, हा प्रश्न अनुदान देणाऱ्यांपुढे येणे अपरिहार्यच होते. 2011 च्या जुलैत ‘इंट्यूट’चे अनुदान संपले व नोंदींची भर थांबली. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जागी 2009 साली आलेल्या सेवेची शोधसुविधाही मार्च 2022 अखेर बंद करण्यात आली.